मागची ज्योत मालवू नका: प्रार्थनास्थळांमधून शांतीज्योत नेणाऱ्यांसाठी

वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांमधून शांतीज्योत नेण्याच्या आमच्या पहिल्या फेरीत ती तिसऱ्या मुक्कामाच्या थोडं अलीकडे विझली. वारा नव्हता, पाऊस नव्हता. कंदिलातलं तेल संपलं होतं, आणि गाडीतल्या आम्हां चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की तेल दुसऱ्या कोणीतरी पाहिलं असेल. पुढच्या ठिकाणी फाटकापाशी माणसं जमली होती. त्यांत काही वयस्क मंडळी बराच वेळ उभी होती. आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "काडी ओढा की. कोणाला कळणार आहे?"

काडी ओढली नाही. मागच्या मुक्कामी फोन केला. तिथल्या बाईंनी आम्ही निघताना कंदिलावरून एक छोटा दिवा पेटवून घेतला होता, आणि तो अजून तेवत होता. त्यांचा मुलगा तो घेऊन आला. दोन तास उशीर झाला, पण पोहोचली ती तीच ज्योत. तेव्हापासून आमचा पहिला नियम ठरला: ज्योत पुढे सुखरूप पोहोचल्याचा निरोप आल्याशिवाय मागच्या ठिकाणची ज्योत मालवायची नाही. हा लेख या एका नियमाभोवती उभा आहे. बाकीच्या गोष्टी चुका करत शिकलो, त्या क्रमाने लिहितो.

१. ज्योत कुठून घेणार ते आधी ठरवा

प्रत्येक मुक्कामी पहिला प्रश्न हाच येतो: "ही ज्योत कुठची?" त्याचं दोन वाक्यांत खरं उत्तर देता आलं पाहिजे.

आधीपासून तेवत असलेली, लोकांना माहीत असलेली ज्योत घेता येते. बेथलेहेमचा शांतिदीप त्यांत सगळ्यांत सहज मिळणारा. ऑस्ट्रियाच्या ओआरएफ या रेडिओ-दूरदर्शन संस्थेने १९८६ मध्ये ही प्रथा सुरू केली. येशूच्या जन्मस्थानी बांधलेल्या चर्चच्या गुहेतल्या दिव्यावरून एक लहान मूल ज्योत पेटवून घेतं, ती व्हिएन्नाला येते आणि नाताळाआधीच्या आठवड्यांत स्काउट मुलंमुली ती देशोदेशी पोहोचवतात. या ज्योतीसाठी पैसे घ्यायचे नसतात. तुमची ज्योत कुठलीही असली, तरी हा दंडक पाळा.

हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानातली ज्योत १ ऑगस्ट १९६४ रोजी पेटवली गेली. जगातलं शेवटचं अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत ती तेवत ठेवायची आहे. तिच्यासाठी जपानमधल्या १२ धर्मपंथांकडून आलेला अग्नी आणि कारखान्यांच्या भट्ट्यांमधला अग्नी एकत्र केला होता. नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पीस पॅलेससमोर २००२ पासून जागतिक शांतीज्योतीचं स्मारक आहे. ती ज्योत १९९९ मध्ये पाच खंडांतून आणलेल्या सात ज्योती एकत्र करून तयार झाली.

मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती होशिनो गावची ज्योत. यामामोतो तात्सुओ हे सैनिक १९४५ मध्ये हिरोशिमात काकांच्या पुस्तकांच्या दुकानाचे अवशेष धुंडाळत होते. तिथे राखेखाली त्यांना धुमसता विस्तव सापडला. हात शेकण्यासाठी खिशात ठेवतात त्या छोट्या डबीत घालून तो त्यांनी फुकुओका प्रांतातल्या आपल्या गावी नेला आणि वर्षानुवर्षं घरात जपला. सुरुवातीला त्या विस्तवात सूडाची आठवण होती. १९६८ मध्ये गावाने तो शांतीची ज्योत म्हणून स्वीकारला. याच ज्योतीचा अंश १९९० मध्ये टोकियोच्या उएनो तोशोगू या शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवस्थानात नागासाकीच्या ज्योतीसोबत ठेवला गेला, आणि २०२१ मध्ये तिथून फुकुशिमातल्या होक्यो-जी या बौद्ध मंदिरात गेला. एका धर्माच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात ज्योत कशी जाते, ते तिथे पाहायला मिळतं.

अशी ज्योत आवाक्यात नसेल तर पहिल्या प्रार्थनास्थळातल्या रोजच्या दिव्यावरून घ्या, आणि सांगतानाही तसंच सांगा. तिला "हजार वर्षांची" वगैरे म्हणू नका. ज्योतीबद्दलची एक खोटी गोष्ट उघडी पडली, की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

२. प्रत्येक ठिकाणी आधी स्वतः जा आणि विचारा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक फोनवर उरकतात. तसं करू नका. तारखेच्या किमान दोन महिने आधी जा. ज्या दारातून ज्योत आत जाणार ते दार, ती जिथे ठेवणार ती जागा आणि ती स्वीकारणारा माणूस, तिन्ही डोळ्यांनी पाहून या. कारभार विश्वस्तांकडे आणि पूजा-प्रार्थना धर्मगुरूंकडे असेल तर दोघांनाही भेटा. विश्वस्तांनी हो म्हटलेलं धर्मगुरूंच्या कानावरच गेलेलं नाही, असं आमच्याबाबतीत दोनदा झालं.

आगीकडे पाहण्याची प्रत्येक परंपरेची नजर वेगळी आहे. मला जे शिकायला मिळालं ते सांगतो, पण शेवटचा शब्द त्या-त्या जागेच्या माणसांचा.

मशिदीत ज्योत नमाज पढणाऱ्यांच्या समोर येईल अशी ठेवू नका. आगीकडे तोंड करून नमाज पढणं अनेक उलेमा योग्य मानत नाहीत. अंगण, ओसरी किंवा भेटीगाठींची खोली हीच बरी जागा. इमामसाहेबांना सरळ विचारा, ते जागा सुचवतात. शुक्रवारची दुपार टाळा, तेव्हा त्यांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शब्बाथला (त्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी) जाऊ नका. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत धर्मपालक ज्यू आग पेटवत नाहीत आणि पेटता दिवा हलवतही नाहीत. "फक्त पाच मिनिटं हातात धरा" ही विनंतीसुद्धा त्यांना अवघडून टाकते.

गुरुद्वारात डोकं झाकायचं, पादत्राणं बाहेर, आणि तुमच्यापैकी कोणाच्याही खिशात तंबाखू किंवा सिगारेट नको. शीख रहित मर्यादेप्रमाणे, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेप्रमाणे, दिवे ओवाळून आरती करणं मान्य नाही, उजेडासाठी दिवा लावायला हरकत नाही. म्हणून तिथे "ज्योतीची आरती" असा शब्दही कार्यक्रमपत्रिकेत येऊ देऊ नका.

जैन परंपरेत अग्नीतही जीव मानलेला आहे. मंदिरांत दिवे असतात, पण स्थानकवासी आणि तेरापंथी या जैन पंथांची मंडळी उपासनेत दिवा लावत नाहीत. स्थानकवासींच्या एका स्थानकात (उपासनेच्या जागेत) आम्हांला अतिशय प्रेमाने सांगितलं गेलं, "ज्योत फाटकाबाहेर ठेवा, आम्ही तिथे येऊन उभे राहतो." आम्ही बाहेरच थांबलो. त्यांनी अर्धा तास मौन पाळलं. त्या फेरीतला तो सगळ्यांत शांत अर्धा तास होता.

पारशी अग्निमंदिरांत विधिपूर्वक प्रतिष्ठापना केलेला अग्नी असतो. त्यात बाहेरची ज्योत मिसळायची किंवा त्यातून ज्योत मागायची कल्पना मांडूही नका. भारतात तर पारशी नसलेल्यांना आत प्रवेशच नसतो. आवारातल्या सभागृहात भेट होऊ शकते. अग्नी सांभाळून नेणं म्हणजे काय, हे या समाजाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे: इराणशाह हा पारशांचा सगळ्यांत पवित्र मानला जाणारा अग्नी गुजरातेतल्या संजाणहून निघून, बहरोटच्या गुहा, वांसदा, नवसारी अशी ठिकाणं करत १७४२ मध्ये उदवाड्याला आला. एका दस्तूरजींनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, आम्हांला ज्योतीवर कधीही फुंकर घालू नका असं सांगितलं. श्वासाने अग्नी विटाळतो असं ते मानतात, म्हणूनच अग्नीपुढे तोंडावर पांढरं कापड बांधतात. हिंदू घरांतही तोंडाने दिवा विझवणं टाळतात. तेव्हापासून आमच्या सामानात ज्योत झाकायची पितळी टोपी असते.

चर्चमध्ये बहुधा सगळ्यांत कमी अडचण येते. फक्त ईस्टरच्या आधीचे दोन दिवस नकोत: कॅथलिक चर्चमध्ये तेव्हा दिवे शांत असतात आणि शनिवारच्या रात्री नवा अग्नी पेटवून त्यावरून ईस्टरची मोठी मेणबत्ती लावली जाते. त्या विधीच्या मध्ये आपला कंदील आणणं बरं नाही. बौद्ध विहारांत दिवा अर्पण करणं रोजचंच, तिथे बहुतेक वेळा आपल्यालाच दोन गोष्टी शिकायला मिळतात.

हिंदू मंदिरात गाभाऱ्यात कोण जाऊ शकतं ते आधी विचारून ठेवा, म्हणजे उंबऱ्यावर घोटाळा होत नाही. आणि इथेच एक सापळा आहे. माणसं प्रेमाने कंदिलाला हार घालतात, कुंकू लावतात. पुढच्या ठिकाणी कोणी त्यावर कापड बांधतं, कोणी पवित्र पाणी शिंपडतं. तिसऱ्या मुक्कामापर्यंत कंदील कुठल्या तरी एका धर्माचा दिसायला लागतो, आणि ज्यांच्याकडे वस्तूची पूजा वर्ज्य आहे ते मागे सरकतात. यावर आम्ही उपाय काढला: कंदिलाखाली एक साधा लाकडी पाट. हार, फुलं, कापड, जे काही द्यायचं ते पाटावर. कंदील कोराच राहतो. निघताना पाटावरचं सगळं त्याच ठिकाणी सोडायचं.

नकार आला तर वाद घालू नका. "तुमच्या दारावरून जाताना थांबून नमस्कार करू का?" एवढं विचारा. आम्हांला नकार देणाऱ्या एका ठिकाणी पुढच्या वर्षी त्यांनीच बोलावलं. मनधरणी केली असती तर तेही झालं नसतं.

३. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या पाकिटात सगळ्याच्या दोन-दोन प्रती ठेवा:

- ज्योत जिथून घेतली त्यांचं पत्र, तारखेसह
- प्रत्येक प्रार्थनास्थळाचं संमतीपत्र. त्यात पोहोचण्याची वेळ, ज्योत ठेवण्याची जागा आणि स्वीकारणाऱ्या व्यक्तीचं नाव हवं
- रस्त्यावरून मिरवत जाणार असाल तर पोलिसांची आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी
- अग्निशमन दलाला दिलेल्या माहितीपत्राची पोच
- मुलं सोबत असतील तर पालकांची लेखी संमती
- गाडीचे कागद, आणि विमा कंपनीला पेटत्या ज्योतीची कल्पना दिल्याचं पत्र
- सगळ्या मुक्कामांचे फोन क्रमांक, कागदावर. मोबाइल बंद पडतो

संमतीपत्रात एक ओळ जरूर घाला: "पुढील ठिकाणी ज्योत पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत आम्ही आमच्याकडील ज्योत तेवत ठेवू." ही ओळ वाचून माणसं थोडी सावरून बसतात. त्यांना कळतं की आपलं काम फक्त स्वागतापुरतं नाही.

४. सामान

कंदील दोन हवेत. एकात मुख्य ज्योत, दुसऱ्यात तिचीच जोड-ज्योत. काच असलेला, तेलाच्या टाकीचं झाकण घट्ट बसणारा वादळी कंदील उत्तम. खाणकामगारांचा सुरक्षा-दिवा मिळाला तर आणखी चांगला. हंफ्री डेव्ही या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये बनवलेल्या दिव्यात ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी होती. जाळी उष्णता पसरवते आणि ज्वाला बाहेरच्या वायूला पेटवत नाही. ऑलिंपिकची ज्योत दूरच्या प्रवासात याच जातीच्या दिव्यांतून नेतात.

इंधन म्हणून दिव्याचं शुद्ध पॅराफिन तेल किंवा स्वच्छ रॉकेल. पेट्रोल, स्पिरिट किंवा "थोडं मिसळून" असलं काही कधीही नाही. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते.

बाकी सामान: दोन जास्तीच्या वाती, एक जास्तीची काच, वात कापायची कात्री, नरसाळं, वाळूने अर्धी भरलेली लोखंडी बादली, छोटं अग्निशामक यंत्र, ओलं जाड सुती कापड, जाड हातमोजे, भाजल्यावर लावायचं मलम, काचेच्या नळीतल्या जाड मेणबत्त्या, बॅटरी. आणि एक वही. तिच्यात निघण्याची वेळ, तेल भरल्याची वेळ, ज्योत कोणाच्या हाती आहे त्याचं नाव लिहायचं. पहिल्या फेरीत ही वही असती तर तेल संपलं नसतं.

आगपेटी मी मुद्दाम यादीत घातलेली नाही. आम्ही ती गाडीत ठेवत नाही. जवळ असली की मोह होतो.

५. एक पूर्ण रात्र तालीम करा

कंदील किती तास जळतो हे खोक्यावर लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. टाकी पाऊण भरा, वात नेहमीइतकी ठेवा, पेटवा आणि वेळ लिहून ठेवा. विझेपर्यंत थांबा. जो वेळ येईल त्याच्या निम्म्यावर तेल भरायचं, हा आपला हिशेब. आमचा कंदील सांगितलेल्या वेळेपेक्षा बराच आधी संपायचा, कारण आम्ही वात मोठी ठेवत होतो.

वात जितकी वर, तितकी काजळी जास्त. काच काळी पडली तर ज्योत लोकांना दिसत नाही आणि काच जास्त तापते. तापलेल्या काचेला ओला हात किंवा ओलं फडकं लावलं तर ती तडकते. वातीची टोकं गोलसर कापा, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत.

पेटलेल्या कंदिलात तेल ओतायचं नाही. आधी जोड-कंदील नीट तेवतोय याची खात्री करायची, मग मुख्य कंदील मालवायचा, थंड होऊ द्यायचा, भरायचा, सांडलेलं पुसायचं आणि जोड-ज्योतीवरून पुन्हा पेटवायचा. ही अदलाबदल तालमीत निदान पाच वेळा करा. प्रवासात ती दमलेल्या हातांनी, कमी उजेडात करावी लागते.

६. गाडीतून नेताना

कंदील वाळूच्या बादलीत घट्ट रोवा, बादली पुठ्ठ्याच्या नव्हे, लाकडी किंवा लोखंडी खोक्यात, आणि खोकं मागच्या सीटसमोर खाली. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवा. बंद गाडीत ज्योत प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला वास नसतो, माणसाचं डोकं दुखतं, चक्कर येते किंवा नुसती झोप येते. म्हणून ज्योतीची गाडी चालू असताना आत कोणीही झोपायचं नाही.

ज्योतीवर लक्ष ठेवणारा माणूस एकच. तो फोन पाहत नाही, नकाशा पाहत नाही, गाडी चालवत नाही. दर तासाला बदली आणि वहीत सही.

आता पेट्रोल पंपाबद्दल, कारण नवख्यांची सगळ्यांत धोकादायक चूक इथे होते. पेटता कंदील गाडीत ठेवून पंपावर जायचं नाही, कधीही नाही. निघण्याआधी टाकी पूर्ण भरा. वाटेत भरावी लागलीच तर दोन माणसांना कंदिलासह पंपापासून बऱ्याच अंतरावर आधीच उतरवा, गाडी भरून आणा, मग त्यांना घ्या. गाडीत सॅनिटायझर, अत्तराचे फवारे, गॅसचं नळकांडं नको. जोड-कंदील शक्यतो दुसऱ्या गाडीत असावा, एक गाडी बंद पडली तरी ज्योत अडत नाही. बोगदा किंवा फेरीबोट वाटेत असेल तर तिथले नियम आधी विचारा.

प्रवासी विमानात पेटती ज्योत नेता येत नाही. बेथलेहेमची ज्योत स्फोटरोधक दिव्यातून व्हिएन्नाला जाते ती विमान कंपनीशी खास व्यवस्था करून. आगगाडीतही बहुतेक ठिकाणी मनाई असते. लपवून नेण्याचा विचार करू नका, डब्यातल्या इतरांचा जीव आपल्या हाती असतो. रस्त्याने पोहोचता येत नसेल तर त्या टोकाला आधीच तेवणारी, त्याच उगमाची ज्योत शोधा.

रात्रीच्या मुक्कामी झोपण्याच्या खोलीत ज्योत नको. हवा खेळणारी ओसरी किंवा दगडी फरशीची मोकळी खोली, आणि दोन-दोन तासांचे पहारे.

७. पायी चालताना

हळू चाला. कंदील कमरेच्या उंचीवर, शरीरापासून हातभर लांब. सुती कपडे घाला. ओढणी, उपरणं, मोकळे केस बांधून घ्या. मशाल दिसायला भव्य असते, पण ठिणग्या पडतात आणि गर्दीत ती आवरत नाही. मशालीचा आग्रह फोटोग्राफर धरतात. त्यांना नाही म्हणा.

८. ज्योत हवाली करताना

पोहोचण्याआधी अर्धा तास तिथल्या माणसाला फोन करून तीन गोष्टी तपासा: पंखे आणि वातानुकूलन बंद आहे का, छतावर धुराचा गजर किंवा पाण्याचे फवारे कुठे आहेत, ज्योत ठेवायची जागा पडद्यांपासून दूर आहे का. एका सभागृहात शंभर मेणबत्त्या एकदम पेटल्या आणि प्रार्थनेच्या मध्यात गजर वाजू लागला. लहान मुलं घाबरून रडली. दोष आमचा, विचारलं नव्हतं. रुग्णालयातल्या प्रार्थनाकक्षात जाणार असाल तर प्राणवायूच्या नळ्या असतील तिथे पेटती ज्योत नेऊच नका. बाहेरच्या अंगणात पेशंटना खिडकीतून दाखवता येते.

ज्योत देताना पेटलेला दिवा सरळ ठेवायचा आणि न पेटलेला वाकवायचा. उलट केलं तर गरम मेण समोरच्याच्या हातावर सांडतं. मेणबत्त्यांना कागदी कडं घाला. मुलांच्या रांगेत प्रत्येक चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस.

शब्द थोडे ठेवा. आम्ही भाषण करत नाही. देणारा म्हणतो, "ही ज्योत अमुक ठिकाणाहून तुमच्याकडे आली आहे. तिथल्या माणसांनी तुम्हांला शुभेच्छा पाठवल्या आहेत." घेणारा त्याच्या भाषेत, त्याच्या रीतीने उत्तर देतो. मागच्या ठिकाणच्या माणसांचा एक प्रतिनिधी सोबत असेल तर कंदील त्याच्या हातून द्या, आयोजकाने मागे उभं राहावं. एकदा मंदिरातल्या वयस्क पुजाऱ्यांनी मशिदीच्या ओसरीवर कंदील ठेवला, तर इमामसाहेबांनी आधी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग कंदिलाकडे पाहिलं. मला त्या क्षणी समजलं की आम्ही इतकी वाट कशासाठी चालत होतो.

९. विझलीच तर

विझते. काच फुटते, कोणी धडकतं, पाऊस तिरका येतो. तेव्हा क्रम असा: आधी जोड-कंदील, तोही गेला असेल तर मागच्या मुक्कामाला फोन, तिथली ज्योत आणायला माणूस पाठवायचा आणि पुढच्या ठिकाणी खरं कारण सांगून वेळ मागायचा. वहीत नोंद करायची. काडीने पुन्हा पेटवून "तीच आहे" असं म्हणायचं नाही. मागचीही ज्योत गेली असेल तर लोकांसमोर सांगून, त्या ठिकाणच्या दिव्यावरून नवी घ्या. लोक रागावत नाहीत. आमच्या अनुभवात उलट जवळ येऊन उभे राहिले.

१०. शेवट आधीच ठरवा

ज्योत शेवटी कुठे राहणार, कोण तेल घालणार, किती दिवस? हे न ठरवता निघालेल्या ज्योती चार दिवसांनी कोणाच्या लक्षातही न येता विझतात. अखंड ठेवायची असेल तर रोजच्या पाळ्या आणि इंधनाची सोय लेखी हवी.

तिला शांत करूनही फेरी संपवता येते, आणि त्यात कमीपणा नाही. मराठीत आपण दिवा "शांत झाला" म्हणतोच. २००५ मध्ये जपानी बौद्ध भिक्षूंनी हिरोशिमाच्या विस्तवातून जपलेली ज्योत सॅन फ्रान्सिस्कोहून चालत न्यू मेक्सिकोतल्या ट्रिनिटीला नेली, जिथे जुलै १९४५ मध्ये पहिला अणुस्फोट झाला होता, आणि ९ ऑगस्टला तिथे ती विझवली: जिथून सुरू झालं तिथेच संपावं म्हणून. मार्च २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये आणलेली हिरोशिमाची ज्योत पोप फ्रान्सिस यांनी फुंकर घालून विझवली, अण्वस्त्रं संपावीत या प्रार्थनेसह. तुमच्या फेरीत फुंकर चालेल की टोपी, हे सोबतच्या सगळ्या परंपरांना विचारून ठरवा.

शेवटच्या ठिकाणी ज्योत ठेवली, की एक काम उरतं आणि दमलेली माणसं ते विसरतात. कंदील खाली ठेवा, बाजूला या आणि मागच्या मुक्कामाला फोन लावा. तिथे कोणीतरी दिव्यापाशी बसलेलं असतं. "पोहोचली," एवढं सांगा, वेळ वहीत लिहा, आणि तिकडचा दिवा मालवला जाईपर्यंत फोन ठेवू नका.